रुळांकडेला उरलेलं गवत

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हरवलेलं गवत पुन्हा लावण्यासाठी माणसं सुट्टीचा दिवस का खर्च करतात, हे कळायला आधी ते गवत गेलं कुठे हे पाहावं लागतं.

मेक्सिकोच्या आखाताला लागून टेक्सासमध्ये सुमारे ६५ लाख आणि लुइझियानात २५ लाख एकरांवर किनारी प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदान, पसरलेली होती. लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास, स्विचग्रास ही उंच गवतं, मधूनमधून लायाट्रिसचे जांभळे तुरे, बुटके उंचवटे आणि पावसाचं पाणी धरून ठेवणारे उथळ खळगे. कारांकावा आणि अताकापा या मूळ रहिवाशांची ही भूमी. विजेनं लागलेले आणि माणसांनी लावलेले वणवे, जोडीला चरणारे गवे (बायसन), यांमुळे झाडझाडोरा इथे माजत नसे. आज या सगळ्यातला एक टक्काही मूळ रूपात शिल्लक नाही.

ती गेली ती मुख्यतः भातामुळे. वरच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर, त्यामुळे पाणी मुरत नाही. भाताला आणखी काय हवं? १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स आणि ह्यूस्टन रेल्वेनं जोडले गेले. पाठोपाठ मध्य-पश्चिमेकडचे गहू पिकवणारे शेतकरी आपली यंत्रं घेऊन इथे आले आणि त्यांनी भाताची मोठी शेती उभी केली. पुढे कुरणं झाली, तेलाचे कारखाने आले, ह्यूस्टन वाढत गेलं. ॲटवॉटर्स प्रेअरी चिकन हा इथला पक्षी एकेकाळी दहा लाखांच्या घरात होता. १९३७ मध्ये जेमतेम ८,७०० उरले. १९६७ मध्ये तो संकटग्रस्त ठरला, १९७२ मध्ये ईगल लेकजवळ त्याच्यासाठी राष्ट्रीय अभयारण्य झालं. उरलेल्या मोकळ्या रानात चायनीज टॅलो घुसला. हे झाड तिथलं नव्हे, आणलेलं. वणवे थांबले की काही वर्षांतच ते गवताच्या जागी दाट बन करून टाकतं.

ज्या रेल्वेमुळे प्रेअरी नांगराखाली गेली, तिच्याच कडेला ती थोडी वाचली. रूळ आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोणी नांगर घातला नाही, पेरलं नाही. कोणाला ती वाचवायची होती म्हणून नव्हे, तर त्या जागेचा कोणाला उपयोग नव्हता म्हणून. १९८० च्या दशकात चार्ल्स ॲलन आणि माल्कम व्हिड्रिन या जीवशास्त्रज्ञांनी लुइझियानातले हे पट्टे धुंडाळले. १९८८ मध्ये केजन प्रेअरी हॅबिटॅट प्रिझर्व्हेशन सोसायटी स्थापन झाली आणि युनिस गावात दहा एकरांवर पुनर्लागवड सुरू झाली. पट्ट्यांतलं बी गोळा करायचं, ढेकळासकट झाडं उचलायची आणि इथे आणून लावायची.

मोडलेली प्रेअरी पुन्हा उभी करण्याची कल्पना मात्र जुनी. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या आर्बोरिटममध्ये (वृक्षोद्यानात) १९३० च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर तसा प्रयोग सुरू झाला, आणि तिथेच पुढे स्पष्ट झालं की जाळल्याशिवाय प्रेअरी टिकत नाही. तिथे राबणारे हात होते मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेतल्या तरुणांचे. आखाताच्या किनाऱ्यावर हे काम पन्नासेक वर्षांनी सुरू झालं तेव्हा तशी योजना नव्हती. त्यामुळे भार बराचसा स्वयंसेवकांवर आला.

शिवाय हे काम हातांचंच आहे. शेकडो जाती, प्रत्येकीचं बी वेगळ्या आठवड्यात पिकतं. दूरच्या प्रदेशातलं विकतचं बी इथल्या लांब उन्हाळ्यात आणि पाणथळ चिकणमातीत नीट तगेलच असं नाही, म्हणून ते जवळच्याच अवशेषातून, हातानं ओरबाडून घ्यायचं, वाळवायचं, कुंड्यांत रुजवायचं आणि थंडीत लावायचं. ह्यूस्टनजवळ आर्मंड बायू नेचर सेंटरमध्ये आणि शेल्डन लेक स्टेट पार्कमध्ये असंच काम झालं. शेल्डनला तर शेतीसाठी बुजवलेले खळगे जुन्या हवाई छायाचित्रांवरून शोधून पुन्हा खोदले गेले आणि त्यांत पाणवनस्पती लावल्या गेल्या.

नुसत्या लागवडीनं भागत नाही, हेही लवकरच कळलं. २०१३ मध्ये डिअर पार्क इथली ५१ एकरांची अस्सल प्रेअरी घरबांधणीत जाणार होती. नेटिव्ह प्रेअरीज असोसिएशन ऑफ टेक्सासनं सुमारे ४० लाख डॉलर जमवून ती विकत घेतली. माझ्या मते हेच पैसे सर्वांत शहाणपणानं खर्च झाले, कारण लावलेल्या प्रेअरीत मूळ रानातल्या सगळ्या जाती कधीच येत नाहीत. २०१७ च्या हार्वी वादळानंतर तर ह्यूस्टनमध्ये पूर रोखण्याच्या चर्चेतही या खोल मुळांच्या गवताचं नाव येऊ लागलं.

लुइझियानातल्या रुळांकडेच्या पट्ट्यांपैकी काही नंतर नष्ट झाले. तिथून आणलेली झाडं युनिसच्या त्या दहा एकरांत अजून फुलतात.