मेषेचा काळा पुरुष: अरबी ज्योतिष लॅटिनमध्ये कसं पोचलं

इटलीतल्या फेरारा शहरात स्किफानोया नावाचा राजवाडा आहे. त्याच्या एका दालनात 1470 च्या सुमारास बारा महिन्यांची भित्तिचित्रं रंगवली गेली. मार्चच्या चित्रात, मेष राशीच्या पट्ट्यात, एक काळा, दणकट पुरुष उभा आहे. अंगावर फाटके पांढरे कपडे, कमरेला दोरी, डोळे लाल. 1912 साली कलेचे इतिहासकार आबी वारबुर्ग यांनी त्याची वंशावळ उलगडली आणि ती थेट उज्जैनच्या ज्योतिषी वराहमिहिरापर्यंत गेली. त्याच्या बृहज्जातकात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचं, म्हणजे राशीच्या पहिल्या तृतीयांशाचं, रूप असंच आहे: काळा, लाल डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, हातात परशू उगारलेला. वाटेत परशू गळाला आणि दोरी आली, पण माणूस तोच राहिला. (द्रेष्काण हा शब्दही मूळचा आपला नाही, तो ग्रीकांकडून आला. म्हणजे हा प्रवास उज्जैनच्याही आधी सुरू झाला होता.)

परशू कुठे गळाला, तेही सापडतं. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये अबू माशर नावाचा ज्योतिषी होता, जन्म बल्खचा. प्रत्येक द्रेष्काणाबद्दल ग्रीक काय म्हणतात, इराणी काय म्हणतात, भारतीय काय म्हणतात, हे त्याने आपल्या ज्योतिषप्रवेशाच्या मोठ्या ग्रंथात शेजारी शेजारी मांडलं. त्यातल्या भारतीय वर्णनात परशू नाही, पांढरं वस्त्र दोरीने बांधलेलं आहे.

हा अबू माशर आधी हदीसचा, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांचा, अभ्यासक होता आणि ‘अरबांचा तत्त्वज्ञ’ म्हणवल्या गेलेल्या अल-किंदीचा कडवा विरोधक. लोकांना त्याच्याविरुद्ध भडकवायचा. जुन्या अरबी नोंदीत असं येतं, की अल-किंदीने युक्तीने त्याला गणित आणि भूमितीची गोडी लावली, आणि तिथून तो सत्तेचाळिसाव्या वर्षी ज्योतिषाकडे वळला.

त्याच्या ग्रंथाचं खरं वजन फलितांत नाही. ग्रहांचा परिणाम होतो, तर तो का होतो, या प्रश्नाला त्याने ॲरिस्टॉटलच्या निसर्गविचारातून उत्तर दिलं. आकाशातली अखंड गती खालच्या जगातल्या उत्पत्ती-विनाशाचं कारण आहे, असं तो म्हणतो, आणि दाखला देतो समुद्राच्या भरती-ओहोटीचा. लॅटिनमध्ये हा ग्रंथ दोनदा उतरला: 1133 मध्ये सेव्हिलच्या जॉनने आणि 1140 मध्ये कॅरिंथियाच्या हरमानने. तेव्हा ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ लॅटिन वाचकाच्या हाती जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे पश्चिम युरोपात ॲरिस्टॉटलचं भौतिक आधी ज्योतिषाच्या दारातून शिरलं, असं काही अभ्यासक मानतात. प्रभाव नेमका किती, यावर वाद आहे. मला मात्र हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण ज्योतिष आणि तत्त्वज्ञान या दोन वेगळ्या कपाटांत ठेवायच्या गोष्टी आहेत ही आपली आजची समजूत त्या काळाला लागूच पडत नाही.

टोलेडो शहर 1085 मध्ये ख्रिस्ती राजाकडे आलं, पण अरबी पुस्तकं आणि अरबी जाणणारी माणसं तिथेच राहिली. बाराव्या शतकात हे शहर अनुवादाचं केंद्र झालं. क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’ या खगोलग्रंथाच्या शोधात तिथे आला, अरबी शिकला, आणि सत्तरेक ग्रंथ लॅटिनमध्ये आणून 1187 मध्ये वारला. काम कसं चालायचं याची एक सुंदर झलक इब्न सीनाच्या आत्मविषयक ग्रंथाच्या लॅटिन प्रस्तावनेत मिळते. अवेंदौत नावाचा ज्यू विद्वान अरबीतला एकेक शब्द बोलीभाषेत सांगत जायचा आणि शेजारी बसलेला धर्माधिकारी दोमिनिकुस त्याचं लॅटिन करायचा. मुस्लिम तत्त्वज्ञाचं पुस्तक ज्यू माणसाच्या तोंडून ख्रिस्ती माणसाच्या लेखणीत असं उतरलं.

पुढच्या शतकात ही पुस्तकं विद्यापीठांत पोचली. ॲरिस्टॉटलला नुसतं ‘तत्त्वज्ञ’ म्हणत, आणि त्याच्यावर भाष्यं लिहिणाऱ्या कोर्दोबाच्या इब्न रुश्दला नुसतं ‘भाष्यकार’. दुसरा भाष्यकार जणू नव्हताच. साऱ्या माणसांची बुद्धी एकच आहे, हे त्याचं मत पॅरिसमधल्या काही अध्यापकांनी उचललं, तेव्हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने 1270 मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिलं. मग 7 मार्च 1277 रोजी पॅरिसच्या बिशपने 219 विधानांवर बंदी घातली. त्यांत जग अनादी आहे हे होतं, तशी ग्रहताऱ्यांचीही विधानं होती: आपली इच्छाशक्ती आकाशस्थ पिंडांच्या ताब्यात असते, 36,000 वर्षांनी सारे पिंड मूळ जागी आले की घडलेलं सारं पुन्हा घडेल. एकाच यादीत दोन्ही.

बंदीने ज्योतिष थांबलं नाही. 1348 मध्ये प्लेगच्या महामारीचं कारण फ्रान्सच्या राजाने विचारलं, तेव्हा पॅरिसच्या वैद्यकीय अध्यापकांनी 1345 मधल्या शनी-गुरू-मंगळाच्या कुंभेतल्या युतीकडे बोट दाखवलं. मोठ्या युतींवरून मोठी संकटं ओळखायची ही रीत युरोपने मुख्यतः अबू माशरकडून घेतली होती.

तेराव्या शतकापासून हेच अरबी-फारसी ज्योतिष ‘ताजिक’ या नावाने भारतातही आलं. 1587 च्या ताजिकनीलकंठी या ग्रंथात इत्थशाल, म्हणजे दोन ग्रह जुळत येण्याचा योग आहे, आणि वर्षफल मांडणारे ज्योतिषी तो आजही पाहतात. मूळ अरबी शब्द इत्तिसाल, म्हणजे जोडणी.