सीएफएम नेमका कोणता? घरच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत ‘कॉम्प्रेसर’ म्हटले की अजूनही विहिरीवर येणारा ट्रॅक्टर आठवतो. मागे हवेचे हेड (हवा दाबणारा सिलिंडर-पिस्टनचा भाग), लांबच लांब रबरी पाइप आणि काळ्या पाषाणात सुरुंगाची भोके पाडणारी मशीन. आल्प्सखालच्या माँ सेनी बोगद्यात (१८५७ ते १८७१) दाबलेल्या हवेने दगड फोडता येतो हे सिद्ध झाले होते. आपल्याकडे तेच तंत्र विहिरी आणि बोअरच्या कामातून आले, आणि १९७२ च्या दुष्काळाने ते गावोगाव नेले. घरच्या शेडमधली हवेची टाकी त्यानंतरची.

तिला खरी चालना मिळाली ती १९८५ मध्ये वाळूजला स्कूटरचा कारखाना सुरू झाल्यावर. भोवती सुटे भाग करणारी युनिटे उभी राहिली. प्रेसचा क्लच, रंगाची गन, नट आवळायचे रेंच, सगळे हवेवर. तिथे हात बसलेल्या कारागिरांनी पुढे घराशेजारी पत्र्याचे शेड टाकले, तेव्हा वेल्डिंग मशीनच्या जोडीला कॉम्प्रेसर आला. तो पट्ट्यावर चालणारा, बिडाच्या हेडाचा, मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्या घेणारा होता. हे हेड जड असते, पण रिंग, व्हॉल्व्हची पाती, गॅस्केट सगळे बदलता येते. आजही घरच्या कामाला हीच रचना सर्वात भरवशाची.

घोळ झाला तो विक्रीच्या आकड्यांत. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. पण कुठली हवा? एक आकडा पिस्टनने सरकवलेल्या हवेचा. समजा ६० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन सिलिंडर, ८०० फेऱ्या. एका फेरीला २८३ घनसेंमी, म्हणजे मिनिटाला २२६ लिटर, म्हणजे ८ सीएफएम. स्टिकरवर हाच छापतात. दुसरा आकडा टाकीपर्यंत प्रत्यक्ष पोचणाऱ्या हवेचा, बाहेरच्या वातावरणाच्या दाबावर आणून मोजलेला. त्याला एफएडी म्हणतात. ७ बारला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) तो अशा हेडात ५ च्या आसपास येतो. पिस्टन वर गेल्यावरही हेडात थोडी दाबलेली हवा अडकून राहते. पिस्टन खाली येताना आधी तीच फुगते, मग नवी हवा आत शिरते. सिलिंडर तापलेला असल्याने शिरणारी हवाही विरळ होते. पाती वेळेवर मिटत नाहीत, रिंगमधून गळती होते. दाब जितका चढा, तितकी तूट मोठी.

मोजायचे कसे, हे आयएस ५४५६ या भारतीय मानकात आहे. तरीही घरगुती मशीन विकताना पहिलाच आकडा चालू राहिला. बचाव असा, की सरकवलेली हवा बोअर-स्ट्रोकवरून कुणालाही काढता येते आणि त्यावरून दोन हेडांची तुलना होते. हे खरे आहे. पण रंगाची गन स्टिकरवर चालत नाही, मिळणाऱ्या हवेवर चालते. ८ सीएफएम मागणारी गन या मशीनला लावली की पत्र्याचा अर्धा दरवाजा होईतो दाब पडतो आणि रंग शिंतोड्यांनी बसतो. दोन टप्प्यांच्या हेडात तर काही जण मोठ्या आणि लहान सिलिंडरची बेरीज सांगतात. लहान सिलिंडर मोठ्याकडून आलेलीच हवा पुन्हा दाबतो. ती बेरीज म्हणजे मोंढ्यात एकच पोते दोनदा काट्यावर ठेवणे.

एचपीचेही तसेच. ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला फार तर १३८० वॅट मिळतात. मोटरमधली घट वजा केली की सव्वा ते दीड एचपी हाती येते. अशा प्लगवर ‘३ एचपी’ लिहिले असेल तर ते मानू नये. लहान हेडाला एका एचपीमागे अडीच ते साडेतीन सीएफएम खरी हवा धरावी.

पडताळणी सोपी आहे. १०० लिटरच्या टाकीतले पाणी काढा, बाहेरचा कॉक बंद करा आणि काटा ६ बारवरून ८ वर जायला किती सेकंद लागतात ते पाहा. २ बार गुणिले १०० म्हणजे २०० लिटर हवा. ८२ सेकंद लागले तर मिनिटाला १४६ लिटर, म्हणजे ५.२ सीएफएम. टाकीतली हवा गरम असल्याने उत्तर थोडे वाढीवच येते.

२००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांनी आणखी एक दोष उघडा पाडला. टाकी भरल्यावर प्रेशर स्विच मोटर आपोआप बंद करतो तेव्हा ‘फुस्स’ आवाज येतो. हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीतला दाब सोडल्याचा तो आवाज. त्यामुळे पुढच्या वेळी मोटर मोकळ्याने उठते. पण चालू मशीनची लाइन गेली तर स्विच बंद होत नाही, फुस्स होत नाही आणि नळीत दाब तसाच राहतो. लाइन परत येते ती १८० व्होल्टने. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे साठ टक्क्यांवर येतो. मोटर नुसती घुमते, कॅपॅसिटर फुगतो, वाइंडिंग जळते. लाइन गेली की स्विचची मूठ हाताने बंद करावी, म्हणजे फुस्स होऊन नळी मोकळी होते.

अलीकडे बिनतेलाची, थेट मोटरवरची हलकी मशीने आली. त्यांतली बरीच २८०० फेऱ्यांवर पळतात. टायरला हवा भरायला ती पुरतात, पण उन्हाळ्यात ४२ अंशांत तास-तास चालवली की पिस्टनवरची टेफ्लॉनची वाटी झिजते. ४० अंशांची हवा एका टप्प्यात ७ बारला दाबली की हिशेबाने तापमान २९० अंशांजवळ जाते. दोन टप्प्यांत, मधे नळीत थंड होऊ दिली तर १५० च्या आत राहते.

पावसाळ्यात याच हवेतून तासाभराच्या सलग कामात कपभर पाणी टाकीच्या तळाशी साठते. वाळूजच्या भंगारातून आलेल्या जुन्या टाक्यांचा तळ याच पाण्याने आतून खाल्लेला असतो. अशी टाकी हवेने कधीच तपासू नये, ती फुटली तर पत्रा उडतो. ती पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने १२ बारपर्यंत दाब देऊन, अर्धा तास काटा हलत नाही ना हे पाहावे.