नत्र आणायचे कुठून, आणि ते जाते कुठे

सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांसमोर 'हायब्रीड' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे संकरित ज्वारीच येते. सीएसएच-१ हा तिचा पहिला वाण १९६४ सालचा. युरियाची पोती बांधावर दिसू लागली ती साधारण याच काळात. त्याआधी नत्र, म्हणजे नायट्रोजन, विकत घेण्याची चाल फारशी नव्हती, ते रानातच जमवायचे. माण-खटावात मेंढरे बसवायची, दोन-तीन वर्षांतून एकदा उकिरडा उपसायचा, हरभऱ्याचा बेवड धरून, म्हणजे हरभरा निघालेल्या रानात, पुढचे पीक घ्यायचे. बेवडाचा गुण पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. त्यामागे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू आहेत, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले.

पिकाला नत्र कोठून मिळते, हा वाद त्याहून जुना. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिगचे म्हणणे होते की राखेतली खनिजे दिली की पुरे, नत्र हवेतून आणि पावसातून मिळते. इंग्लंडात रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाचा कायमचा प्रयोग मांडला आणि हे म्हणणे मोडीत काढले. नुसत्या खनिजांवरचा गहू नत्र दिलेल्या गव्हाच्या पासंगालाही पुरत नव्हता. तो प्रयोग आजही चालू आहे. पुढे १९०९ मध्ये हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, तो अमोनियम सल्फेटचा. युरियाचे राज्य नंतरचे.

खत आले, पण पीक ते पेलणारे नव्हते. कृष्णाकाठची खपली, म्हणजे तिथली जुनी गव्हाची जात, उंच वाढते. तिला नत्र जास्त झाले की कणसे भरताना पाणी किंवा वारा लागताच ती लोळते, आणि लोळलेल्या गव्हाचा दाणा बारीक पडतो. मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हांनी ही अडचण संपवली आणि बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) इथपर्यंत गेली. एकरी हिशेब असा: नत्र ४८ किलो. त्यातले निम्मे पेरणीला, निम्मे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना. स्फुरदासाठी ५२ किलो डीएपी (स्फुरद आणि नत्र दोन्ही असलेले खत) टाकला की त्यातूनच ९ किलोंवर नत्र येते, म्हणून पेरणीला युरिया ३२ किलोच लागतो. दुसरा हप्ता ५२ किलोंचा. डीएपीतले नत्र हिशेबात न धरता पेरणीलाच पोते-सव्वा पोते युरिया ओतणारे बरेच असतात. तोही बियाण्याबरोबर पेरणीच्या पाभरीच्या एकाच चाड्यातून (बी सोडायच्या वाटीतून) गेला तर उगवण मार खाते. दोन चाड्यांच्या पाभरीचा उपयोग इथेच आहे.

कोरडवाहू शाळूचे गणित वेगळे. जतच्या हलक्या रानात हेक्टरी २५, मध्यम जमिनीत ४०, भारीत ६० किलो नत्र, तेही सगळे पेरणीलाच. वरून द्यायला पाणीच नसते, आणि कोरड्या मातीवर पडलेला युरिया मुळापर्यंत जात नाही.

दिलेले नत्र जाते कुठे, याकडे संशोधनाचे लक्ष उशिरा वळले. युरिया ओल्या मातीत पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर. अशा मातीत वरच पडलेल्या दाण्याभोवतीचा अमोनिया थेट हवेत उडतो. म्हणून युरिया फेकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर वाफशावर (माती मशागतीजोगी ओली असताना) देऊन कोळप्याने मातीआड करावा. सगळ्यात वाईट म्हणजे दमट सऱ्यात युरिया फेकायचा आणि विजेच्या पाळीची वाट पाहत तीन-चार दिवस थांबायचे. दुसरी गळती पाण्याच्या बाजूची. मातीत अमोनियाचे नायट्रेट होते. पाणी तुंबलेल्या सऱ्याच्या शेपटाला हवा संपते आणि जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून उडवतात. तिथला गहू पिवळा पडला की शेतकरी आणखी युरिया टाकतो, पण रोग निचऱ्याचा असतो. वाळवा-मिरजेकडच्या चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट होऊन निचरा बिघडलेल्या, रानांत हे हमखास दिसते.

२०१५ पासून देशातला सगळा युरिया निमलेपित झाला. निमामुळे अमोनियाचे नायट्रेट होणे मंदावते. हवेत उडणारा अमोनिया मात्र त्याने फारसा थांबत नाही. तेव्हा मातीआड करण्याचे काम आहे तिथेच आहे.

माती तपासणीतला सर्वांत कच्चा आकडाही नत्राचाच. सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ सालची परमँगनेट पद्धत आजही मापदंड आहे: २८० किलोंखाली कमी, ५६० पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. हे २८० किलो पिकाच्या हातात पडतात असे नव्हे, तो फक्त निर्देशांक आहे. एका हेक्टरच्या वरच्या थरात सुमारे २० लाख किलो माती धरा. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल तर १०,००० किलो कर्ब, आणि त्यात अडकलेले नत्र हजार किलोंच्या आसपास. त्यातले वर्षाला शेकडा एक ते तीनच मोकळे होते. कितीतरी प्रयोगशाळा तर नत्र मोजतच नाहीत, कर्बावरून अंदाज लिहितात. १९६७-६८ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पात अपेक्षित उत्पादनावरून खत काढण्याची समीकरणे बसवली गेली. राहुरीचे कृषी विद्यापीठ त्याचे एक केंद्र आहे. ही वाट सरसकट शिफारशीपेक्षा चांगली, पण नमुनाच शेणखताच्या ढिगाजवळून किंवा खताच्या पोत्यात भरून आणला तर समीकरण काय करणार?

भावाचाही यात वाटा आहे. १९९२ मध्ये स्फुरद-पालाशवरचे नियंत्रण उठले, युरियाचे राहिले. पुढे २०१० चे पोषणाधारित अनुदान आले, त्यातूनही तो वगळला. स्वस्त खत जास्त पडणारच.

भातात मात्र गळतीवर नेमका उपाय निघाला. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध ७ ते १० सेंमी खोल खोचतात. चूड १५ आणि २५ सेंमी असे आलटून पालटून लावायचे, म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, सुमारे १७० किलो. चिखलात खोल गेलेला अमोनिया मातीला धरून राहतो आणि मूळ त्याच्याकडे येते. पाटण, शिराळ्याच्या पावसाळी खाचरांसाठी याहून नेटका उपाय नाही. फक्त एकरी २५,००० गोळ्या वाकून हाताने खोचाव्या लागतात, आणि लावणीच्या दिवसांत तेवढी माणसे मिळत नाहीत.