प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र, निरामय विमा आणि कायदेशीर पालकत्व : पात्रता, कागदपत्रे व अर्ज

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीला विमा, अनुदान किंवा सवलत यांपैकी काहीही मिळवायचे असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्र मागितले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्वमग्नतेचा समावेश आहे. मात्र आरक्षणासह अनेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते.

अर्ज स्वावलंबन (यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलवर ऑनलाइन करावा. त्यासाठी छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यानंतर निवडलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते.

प्रौढांची खरी अडचण या तपासणीतच येते. तीत वापरल्या जाणाऱ्या ‘इसा’ (ISAA) या स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनपट्टीत ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात आणि एकूण गुण ७० पेक्षा कमी भरल्यास स्वमग्नता धरली जात नाही. हे गुण निरीक्षणाबरोबरच पालकांच्या मुलाखतीवरही अवलंबून असतात. त्यामुळे चाळिशीत निदान झालेल्या, आई-वडील हयात नसलेल्या आणि डोळ्याला डोळा भिडवून बोलायला सरावाने शिकलेल्या व्यक्तीचा त्रास कागदावर उतरतच नाही. अशा वेळी शाळेचे जुने शेरे, पूर्वीच्या मानसोपचारतज्ज्ञांचे अहवाल आणि बालपण पाहिलेली मावशी किंवा थोरला भाऊ सोबत असलेला बरा. गर्दी व गोंगाट सहन होत नसल्यास शांत वेळ मिळावी, असा लेखी अर्ज आधीच देऊन त्याची पोच घ्यावी. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २५ मधील प्राधान्याची तरतूद उपचारांपुरती आहे, तरी विनंतीत तिचा उल्लेख करायला हरकत नाही. प्रमाणपत्र नाकारले गेल्यास तसे लेखी कळवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तो कागद मागून घ्यावा, कारण त्याच अधिनियमाच्या कलम ५९ खालील अपिलात तोच उपयोगी पडतो.

प्रमाणपत्र हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या वैधानिक संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत नाव नोंदवता येते. विमासंरक्षण वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत असते. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय चाचणी नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपी यांचाही त्यात समावेश आहे. खर्च मात्र आधी स्वतः करून नंतर परत मागावा लागतो, म्हणून मूळ बिले जपून ठेवावीत.

सज्ञान झालेल्या मुलाचे आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. गरज असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. तिच्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. पालकाची गरज आहे का आणि नेमकी कोणत्या कामांसाठी आहे, हे समितीने तपासायचे असते. स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीसाठी केवळ बँकेने सुचवले म्हणून हा अर्ज करू नये. नेमणूक झाल्यास पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणाला सादर करावी लागते.