२५२० : चमत्कार नव्हे, लसावि

२५२० ही १ ते १० या सर्व अंकांनी भाग जाणारी ‘अशक्यप्राय’ संख्या रामानुजन यांनी शोधली आणि तिचे रहस्य ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने या गुणाकारात दडले आहे, असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

वास्तविक २५२० हा १ ते १० चा लसावि (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे या सर्वांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) आहे, आणि तो शाळकरी मुलालाही काढता येतो. ८ साठी २ चा घन, ९ साठी ३ चा वर्ग, शिवाय ५ आणि ७ घेतले, की ८ × ९ × ५ × ७ = २५२०; उरलेले अंक यांतच सामावतात. तिची प्रत्येक पट, म्हणजे ५०४०, ७५६० वगैरे, हाच गुण दाखवते. ५०४० ला १ ते १० ने भाग जातो हे तर प्लेटोने सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच नोंदवले होते. ७ × ३० × १२ मध्ये हेच मूळ अवयव येतात, एवढाच तो योगायोग. वर्ष काही ३६० दिवसांचे नसते.

रामानुजन यांचा संबंध मात्र अगदीच काल्पनिक नाही. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि ४८ विभाजकांची २५२० त्यांपैकीच एक आहे.