ड्राइव्हला ‘सेपरेट अर्थ’ हे खूळ आलं कुठून

ड्राइव्हला, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाला, बाकीच्यांपेक्षा वेगळा अर्थ हवा असं लोक धरून चालतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या सुरुवातीच्या दिवसांचं फार सांगत नाही. मोटर चालू करायला डीओएल (थेट लाइनवर) नाहीतर स्टार-डेल्टा स्टार्टर, मोटरला दोन बाजूंनी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी, बाहेर कोळसा-मिठाचा पिट, म्हणजे अर्थचा खड्डा, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी, झालं अर्थिंग. बॉडीला फेज लागला की फ्यूज उडायला हवा, बास.

घोळ एका शब्दाने घातला. 1956 च्या वीज नियमांत मोटरच्या बॉडीला अर्थच्या दोन ‘सेपरेट अँड डिस्टिंक्ट’ जोडण्या हव्यात असं होतं. मतलब एवढाच की एक पट्टी गंजून तुटली तर दुसरी शाबूत राहावी, आणि खाडीकाठच्या हवेत पट्टी गंजतेच. पण लोकांनी ‘सेपरेट’ तेवढं उचललं आणि पीएलसी (मशीनचे कंट्रोलर), सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), ड्राइव्ह आले तसं इलेक्ट्रॉनिक्सला वेगळा ‘क्लीन अर्थ’ पाहिजे असं सुरू झालं, मशीन देणारेच ऑफरमध्ये लिहायचे की एक ओहमच्या आतल्या रेझिस्टन्सचा पिट कस्टमरने करून द्यायचा, मग गेटजवळ खड्डा, तिथून ड्राइव्हपर्यंत वायर, आणि ती बाकीच्या अर्थिंगला चुकूनही लावायची नाही! हा मला सरळसरळ धोका वाटतो. ड्राइव्हचा पिट एक ओहम, ट्रान्सफॉर्मर न्यूट्रलचा एक ओहम, मधे नुसती माती. 230 व्होल्टचा फेज बॉडीला लागला तर करंट जेमतेम 115 अँपिअर, 200 अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलत नाही आणि पॅनलच्या दारावर 115 व्होल्ट बसलेले. अर्थिंगच्या भारतीय मानकात, 1987 च्या आयएस 3043 मध्ये, इक्विपोटेन्शियल बाँडिंग (सगळे धातूचे भाग आणि अर्थ एकमेकांना जोडून एकाच व्होल्टेजला ठेवणं) दिलेलं आहे, पण वाचतो कोण.

नव्वदीत आयजीबीटीचे (झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) ड्राइव्ह ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोचले आणि गणितच बदललं. ड्राइव्ह मोटरला सलग वीज न देता पल्स देतो, आणि प्रत्येक पल्सला वाइंडिंगमधून मोटरच्या बॉडीत थोडा करंट उतरतो, आणि त्याला जमिनीशी काही घेणंदेणं नसतं, त्याला परत ड्राइव्हमध्येच जायचं असतं. दहा मीटर वायरचं इंडक्टन्स धरा साधारण 10 मायक्रोहेन्री, म्हणजे या पल्सच्या करंटची फ्रीक्वेन्सी एक मेगाहर्ट्झ धरली तर साठेक ओहम, मग अर्थ मेगरवर (पिटचा रेझिस्टन्स मोजायच्या मीटरवर) पिट 0.8 ओहम दाखवतो याचं कौतुक काय करायचं? सरळ वाट मिळाली नाही की करंट बेअरिंगमधून जातो. रबाळ्यात एका ब्लोअरची बेअरिंग वर्षात दोनदा वाजली, कापून बघितली तर ग्रीस काळंकुट्ट आणि रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) धोबीपाटासारख्या आडव्या रेघा. तरी आधी केमिकल अर्थिंगचे तीन पिट मारले. खरा इलाज शिल्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) केबल होती, शिल्डची वेणी न घालता दोन्ही टोकांना गोल क्लँपमध्ये आवळलेली, आणि मोटरच्या मागच्या बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग.

मधल्या काळात ड्राइव्हमध्ये ईएमसी फिल्टर (विजेतला गोंगाट अडवणारे) आले, त्यांच्या लीकेजने आरसीसीबी (अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणारे ब्रेकर) ट्रिप व्हायला लागले, आणि शिव्या खाल्ल्या परत पिटनेच.

गेल्या महिन्यात महापेच्या कामाचं टेंडर बघितलं, दर ड्राइव्हला दोन सेपरेट पिट, केबल मात्र बिनशिल्डची.