सहावी ते आठवीतलं गटकार्य : आलं कुठून आणि अडकलं कुठं

गटकार्य म्हणजे वर्गातल्या चार-पाच पोरांनी मिळून करायचं काम, जास्त सांगत बसत नाही, घरात सहावी-सातवीतलं पोरगं असेल तर रात्री नऊला "उद्या चार्ट पेपर पायजे" हे ऐकून झालेलंच असतं. सोलापुरात सध्या हा विषय परत निघायचं कारण म्हणजे एकीकडं आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यात नापास करायची सोय परत आली, दुसरीकडं २०२० चं नवीन शैक्षणिक धोरण म्हणतंय पोरांना एकमेकांकडून शिकू द्या, आणि दोन्ही कागद एकाच वर्गशिक्षकाच्या टेबलावर. म्हणून थोडं मागचं.

फार मागं जायचं तर पंतोजींच्या शाळेतही मोठी पोरं बारक्यांकडून पाढे म्हणवून घेत होतीच. मद्रासच्या एका अनाथालयात १७९० च्या दशकात एका पाद्र्यानं तशीच रीत वापरली आणि पुढं ती विलायतेत 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. पण ते काही गटात शिकणं नव्हे, कमी पगारात जास्त मास्तर मिळवायची युक्ती होती. १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची हातकामातून शिकवायची नई तालीम आली, तिथं सोबत काम करणं होतं, पण भर टकळी-चरख्यावर.

आज ज्याला गटकार्य म्हणतात त्याचा एक नीट बांधलेला नमुना १९७१ चा आहे, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला. वेगवेगळ्या वंशांची पोरं पहिल्यांदाच एका वर्गात बसवलेली, रोज कुरबुरी. तिथं धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला, तुकडा ज्याच्याकडं त्यानंच तो बाकीच्यांना समजावायचा, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होतच नाही. आणि शेवटी चाचणी मात्र ज्याची त्याची वेगळी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणारय.

आपल्याकडं तोवर पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि मग आठवीला हायस्कूल अशी मांडणी. सातवीनंतर पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर, आठवीत साठ-सत्तर पोरांच्या वर्गात, लांब बाकावर तिघं-चौघं. तिथं गट करायचा म्हणजे मागं वळून बसायचं एवढंच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ज्ञानरचनावाद, म्हणजे पोरानं आपलं ज्ञान आपणच बांधायचं हा विचार, आणला, प्रशिक्षणं झाली, बाकं काही हलली नाहीत. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सहावी ते आठवीला ३५ पोरांमागं एक शिक्षक आणि उपक्रमातून शिकवा हे कायद्यातच आलं.

घोळ सुरू होतो तो २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून. कायद्यानं आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हटल्यावर पोरगं कुठवर आलंय हे कळायचं कसं, म्हणून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. त्याचे दोन भाग, शिकता शिकता वर्षभर तपासायचं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी परीक्षेनं तपासायचं ते संकलित. आकारिकसाठी आठ साधनं दिली, दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं 'इतर'. त्या 'इतर'च्या पोटात प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन (वर्गातल्या पोरांनी एकमेकांचं केलेलं) आणि तिथंच गटकार्य. म्हणजे आमच्या बहुतेक वर्गांत गटकार्य पोचलं ते शिकवायची पद्धत म्हणून नाही, मार्क द्यायचं साधन म्हणून. आधी रकाना आला, मग तो भरायला गट आले.

याची बाजू घेणारे म्हणतात की ज्याची नोंद नाही ते शाळेत होतच नाही, रकाना नसता तर तेवढंही झालं नसतं. असेल. पण मार्काचं काय ते बघा. सहावीला आकारिक आणि संकलित निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. त्या ४० मधले समजा दहा गटकार्याला ठेवले. पाच पोरं, एक तक्ता. तक्ता कुणी काढला तर जिचं अक्षर चांगलंय तिनं, "तू लिव की बे, माझं अक्षर लई घाण आहे" म्हणून बाकीचे मोकळे. आता पाचही जणांना सारखे मार्क द्यावेत तर जिनं काम केलं तिचे पालक विचारणार, वेगवेगळे द्यावेत तर कशावरून दिले ते दाखवायला हातात काही नाही, कारण सर त्या वेळी दुसऱ्या गटापाशी उभे होते. मग सोपा मार्ग, सगळ्यांना आठ. आणि वर्णनात्मक नोंदींच्या वहीत 'गटात इतरांना मदत करतो', 'गटाचे नेतृत्व करतो', 'दिलेले काम वेळेत पूर्ण करतो', या नोंदींच्या तयार पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरतात, एकीला 'करतो'चं 'करते' करायचंही राहून जातं. ऑस्टिनमधे मिळून शिकायचं आणि तपासायचं एकेकट्याला असं होतं, आपण नेमकं उलटं करून बसलो, शिकणं एकटीचं आणि मार्क सगळ्यांचे. शिक्षकांना आळशी म्हणून हे सुटत नाही, त्यांच्यापुढं रकाना तसाच ठेवला होता.

सोलापूरचा अजून एक पेच आहे जो पुण्यात बसून दिसत नाही. शहराच्या पूर्व भागात, जिथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तिथल्या मराठी शाळेत सातवीच्या गटात अपूर्णांकांची बेरीज चाललेली असते, छेद सारखे का करायचे ते एक पोरगी तेलुगूत सांगत असते, ऐकणारीला पटकन कळतंही, आणि सर जवळ आले की दोघी गप्प. अक्कलकोटकडं तेच कन्नडात. गटाचा खरा फायदा तिथंच होत असतो, पण निरीक्षण करणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर वहीत 'गटात गप्पा मारते' असं जातं. यावर प्रशिक्षणात कधी कुणी अवाक्षर काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

२०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटला (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) तिथले ज्ञानरचनावादी वर्ग बघायला शिक्षकांच्या गाड्या जायला लागल्या. परत आल्यावर फरशा रंगल्या, बाकं बाहेर गेली, पोरं गोलात खाली बसली. चौथीपर्यंत हे छान जमलं, सहावीच्या पुढं तासाची घंटा होते, विषयाचे सर बदलतात, गोल बसेस्तोवर पाच-सात मिनिटं जातात. मग पुस्तकं बदलली, सहावीचं २०१६, सातवीचं २०१७, आठवीचं २०१८. त्यात 'सांगा पाहू', 'करून पहा', 'चर्चा करा' जागोजागी. २०१७ च्या अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे कुठल्या इयत्तेत पोराला काय यायला पाहिजे त्या यादीत तर जोडीनं, गटानं किंवा एकट्यानं शिकायची संधी द्या असंच आहे. म्हणजे सात वर्षांनी का होईना गटकार्य मूल्यमापनाच्या कागदातून शिकवण्याच्या कागदात आलं. जुना रकाना मात्र तिथंच राहिला.

आणि मग कोरोना. मार्च २०२० ला शाळा बंद, नंतर उघडल्या त्या एका बाकावर एक पोरगं आणि दोन बाकांत सहा फूट या अटीवर. गंमत अशी की त्याच काळात खेड्यात ओट्यावर, देवळात चार-पाच पोरं घेऊन बसणारे शिक्षक होते आणि तिथं मार्काचा विषय नसल्यानं गट बरे चालले. त्याच वर्षी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइज' हा जागतिक पुरस्कार मिळाला, अर्धी रक्कम त्यांनी सोबतच्या नऊ स्पर्धकांना वाटली. जिल्ह्याचं नाव झालं, पण पाहुण्यांचं आणि पेपरवाल्यांचं सगळं बोलणं त्यांच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर, वर्गातल्या पोरांच्या एकमेकांशी बोलण्यावर फार कुणी विचारलं नाही.

आता दोन गोष्टी एकाच वेळी चालल्यात. २०२० च्या धोरणानं सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा केला आणि समग्र प्रगतीपत्रकात सहाध्यायांचं मत घ्यायला सांगितलंय, म्हणजे 'इतर' मधलं सहाध्यायी मूल्यमापन पुढं आलं. आणि डिसेंबर २०२३ च्या निर्णयानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. ही परीक्षा ज्याची त्यानं द्यायची. त्यामुळं आठवीचे गट दिवाळीनंतर मोडायचे आणि सराव पेपर सुरू करायचे असं बऱ्याच शाळांत आत्ताच दिसतंय. नवीन अभ्यासक्रम २०२५-२६ ला पहिलीपासून सुरू झालाय, तो टप्प्याटप्प्यानं वर येणार, ज्या वर्गाला तो पोचला नाही तिथं तोवर २०१६ ते १८ ची पुस्तकं आणि २०१० चाच मार्काचा हिशोब.